वाम, अहीर आणि तक्त्यातला ‘ईल’

बीड शहराच्या दक्षिणेला, सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर पाली हे गाव लागते. गावाजवळ बिंदुसरा नदीवर १९५० च्या दशकात बांधलेले मातीचे धरण आहे. पाऊसमान बरे असले की ते भरते, आणि लागोपाठ अवर्षणाची वर्षे आली की तळ उघडा पडतो. मराठवाड्यातल्या अशा तलावांमध्ये रोहू, कटला, मृगळ या माशांचे बीज सोडतात. त्यांच्याबरोबर चिलापी, मरळ आणि कधीमधी सापासारखा लांबट, निसरडा वाम मासाही जाळ्यात येतो. काळा मसाला घालून केलेला वामचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी हे अनेकांच्या आवडीचे जेवण. ‘वाम खाल्ला की अंगात ताकद येते’ असेही वडीलधारी माणसे सांगतात.

समजा, नववीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने हे विधान तपासून पाहायचे ठरवले. शब्दकोशात त्याला वामसाठी ‘ईल’ हा इंग्रजी शब्द मिळेल. अन्नघटकांच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात ‘ईल’पुढे भरघोस आकडे सापडतील: भरपूर उष्मांक, भरपूर ‘अ’ जीवनसत्त्व, भरपूर ‘ड’ जीवनसत्त्व. तो आनंदाने वहीत लिहील, ‘वाम मासा अत्यंत पौष्टिक आहे.’ आकडे खरे आहेत, बेरीज-वजाबाकीही बरोबर आहे. तरीही निष्कर्ष चुकला आहे, कारण तक्त्यातला मासा आणि ताटातला मासा एक नाही.

ही चूक कशी होते आणि तिच्यातून काय शिकता येते, ते पाहू.

एक नाव, तीन मासे

मराठीत ‘वाम’ हे नाव निदान तीन वेगवेगळ्या माशांना लावले जाते.

पहिला, देशावरच्या नद्या-तलावांत मिळणारा वाम. त्याचे शास्त्रीय नाव मास्टासेम्बेलस आर्मेटस. याच्या पाठीवर सुट्या, टोकदार काट्यांची रांग असते. काटे साधारण तीस ते चाळीस असतात. मासा हातात धरताना ते टोचतात. तोंडाच्या टोकाला लहानशा सोंडेसारखा मांसल भाग असतो. सोंडेने चिखल उकरून तो किडे, अळ्या, गांडुळे शोधतो. हा मासा जन्मतो गोड्या पाण्यात आणि मरतोही गोड्या पाण्यातच.

दुसरा, अहीर. शास्त्रीय नाव अँग्विला बेंगालेन्सिस. हाच गोड्या पाण्यातला खरा ईल. अंगावर पिवळट-तपकिरी ठिपक्यांची नक्षी, खालचा जबडा किंचित पुढे आलेला आणि पाठीपासून शेपटीला वळसा घालून पोटापर्यंत गेलेला एकच सलग पर. पाठीवर काटे अजिबात नाहीत. याची लांबी दोन मीटरपर्यंत जाऊ शकते. काही ठिकाणी यालाही सरसकट वामच म्हणतात.

तिसरा, कोकण किनाऱ्यावर बाजारात येणारा समुद्रातला वाम. हा अहीरचा लांबचा नातेवाईक, पण राहणारा खाऱ्या पाण्यात.

पहिला आणि दुसरा मासा दिसायला इतके सारखे असूनही त्यांचे नाते फार दूरचे आहे. चिखलात, दगडांच्या फटीत, बिळात शिरायचे तर लांब, गुळगुळीत शरीर सोयीचे पडते. म्हणून वेगवेगळ्या कुळांतल्या माशांमध्ये स्वतंत्रपणे तोच आकार घडत गेला. वटवाघळाला पंख असले म्हणून ते पक्षी ठरत नाही, तसेच हे. आकारावरून नाव पडले, आणि नावावरून गुणही एकच असावेत असा समज झाला.

समुद्राकडे जाणारा मासा

अहीरच्या कुळातल्या माशांची जीवनकथा प्राणिजगतातल्या सर्वांत चमत्कारिक कथांपैकी एक आहे. नदीत पकडलेल्या ईलच्या पोटात अंडी कधीच सापडत नसत. त्यामुळे हे मासे चिखलातून आपोआप उपजतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले. पुढे दोन हजार वर्षांहून अधिक काळ हा प्रश्न सुटला नाही. मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉइडने विद्यार्थिदशेत, १८७६ साली, ट्रिएस्ट येथे सुमारे चारशे ईल कापून त्यांच्यातील नराचे वृषण शोधण्याचा प्रयत्न केला होता.

कोडे उलगडले ते समुद्रात. डेन्मार्कचे योहान्नेस श्मिट यांनी अटलांटिक महासागरात वर्षानुवर्षे फिरून ईलची पिल्ले गोळा केली. जितके पश्चिमेकडे जावे तितकी पिल्ले लहान होत गेली. सर्वांत लहान पिल्ले सारगासो समुद्रात मिळाली, म्हणजे जन्मस्थान तिथेच असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी मांडला. जपानी ईलची अंडी तर प्रत्यक्ष समुद्रातून मिळाली २००९ साली, पॅसिफिकमधील मारियाना बेटांच्या पश्चिमेला.

या माशाचे आयुष्य साधारण असे जाते. खोल समुद्रात अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पानासारखे चपटे आणि पारदर्शक असते. प्रवाहाबरोबर ते किनाऱ्याकडे येते आणि काचेच्या दोरीसारखे लांबट बनते. मग नदीच्या मुखातून आत शिरून ते प्रवाहाविरुद्ध वर चढते. नदीत, ओढ्यात, तलावात मासे, खेकडे, बेडूक खात ते अनेक वर्षे वाढते. पुरेसे मोठे झाले की त्याच्यात बदल सुरू होतो. डोळे मोठे होतात, अंग चंदेरी-काळपट होते, आतडे आक्रसते आणि खाणे बंद होते. असा मासा नदीतून खाली समुद्राकडे निघतो, खोल पाण्यात पोहोचून अंडी घालतो आणि मरतो. ही एकदाच करायची, परतीची वाट नसलेली यात्रा असते.

आपला अहीरही याच पद्धतीने जगतो. तो जन्मतो हिंदी महासागरात आणि वाढतो आपल्या नद्यांत.

चरबी कशासाठी?

आता पोषणाच्या प्रश्नाकडे वळू. खाणे बंद केलेल्या माशाने हजारो किलोमीटर पोहायचे कशाच्या बळावर? उत्तर एकच: साठवलेल्या चरबीच्या.

युरोपीय ईलवर झालेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. माशांना पाण्याचा प्रवाह सतत वाहता ठेवलेल्या नळीत पोहत ठेवले. १७३ दिवसांत त्यांनी ५५०० किलोमीटर अंतर कापले, आणि तेही काही न खाता. युरोपच्या किनाऱ्यापासून सारगासो समुद्र जवळजवळ तेवढाच दूर आहे.

हे इंधन चरबीचेच का? एक ग्रॅम चरबीपासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम कर्बोदकापासून किंवा प्रथिनापासून सुमारे ४. शिवाय शरीरात कर्बोदक ग्लायकोजेनच्या रूपात साठते तेव्हा प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवते. म्हणजे चार ग्रॅम ओझे आणि ऊर्जा केवळ ४ किलोकॅलरी. चरबी जवळजवळ कोरडी साठते. एक किलो चरबीत जेवढी ऊर्जा, तेवढीच ग्लायकोजेनमधून न्यायची तर सुमारे नऊ किलो ओझे वाहावे लागेल. दूर जाणारे पक्षी, उपाशी झोपणारी अस्वले आणि समुद्राकडे निघालेला ईल हे सगळे चरबीच का साठवतात, ते यावरून स्पष्ट होते.

देशी वामला असा प्रवास करायचा नसतो. त्यामुळे एवढी चरबी साठवण्याचे त्याला कारणच नाही. त्याचे मांस रोहूसारखे, प्रथिने पुरेशी आणि चरबी थोडी, असे असते.

तक्ता वाचताना

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात कच्च्या ईलच्या १०० ग्रॅम मांसासाठी पुढील आकडे दिले आहेत. शेजारी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या, शाळा-कॉलेजांत अजूनही वापरल्या जाणाऱ्या तक्त्यातील रोहूचे आकडे ठेवले आहेत.

ऊर्जा: ईल १८४ किलोकॅलरी, रोहू ९७ किलोकॅलरी
प्रथिने: ईल १८.४ ग्रॅम, रोहू १६.६ ग्रॅम
चरबी: ईल ११.७ ग्रॅम, रोहू १.४ ग्रॅम
पाणी: ईल ६८ ग्रॅम, रोहू ७७ ग्रॅम

प्रथिनांत फारसा फरक नाही. सगळा फरक चरबीत आहे. ईलच्या प्रथिनांपासून १८.४ × ४ म्हणजे सुमारे ७४ आणि चरबीपासून ११.७ × ९ म्हणजे सुमारे १०५ किलोकॅलरी मिळतात. बेरीज १७९ येते. तक्त्यातला आकडा १८४ आहे, कारण तिथे माशांसाठीचे थोडे वेगळे गुणक वापरले आहेत. म्हणजे ईलच्या ऊर्जेचा जवळजवळ साठ टक्के भाग चरबीतून येतो. चरबी वाढली की पाणी कमी होते, हेही आकड्यांवरून दिसते.

चरबीबरोबर तिच्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही येतात. याच तक्त्यानुसार १०० ग्रॅम ईलमध्ये ‘अ’ जीवनसत्त्व सुमारे १०४० मायक्रोग्रॅम आणि ‘ड’ जीवनसत्त्व सुमारे २३ मायक्रोग्रॅम असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ‘अ’ १००० आणि ‘ड’ १५ मायक्रोग्रॅम लागते. एका वाटीभर मांसात दिवसाची गरज भागली. ‘ड’ जीवनसत्त्व देणारे अन्नपदार्थ मोजकेच असतात, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची. वनस्पतिजन्य अन्नातून न मिळणारे ‘बी-१२’ही ईलमध्ये सुमारे ३ मायक्रोग्रॅम असते. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे.

जपानमध्ये उन्हाळ्यात ईल खाण्याची जुनी चाल आहे. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात ओतोमो नो याकामोची याने एका हडकुळ्या मित्राला उन्हाळ्यातल्या अशक्तपणावर ईल खाण्याचा सल्ला दिला आहे. मासा उभा चिरून, निखाऱ्यावर भाजून, गोडसर रस लावून भाताबरोबर खातात. मांस फार मऊ असते आणि भाजताना त्याची चरबी टपटप गळते. ‘ताकद येते’ हा समज तिथेही आहे, आणि त्या माशाच्या बाबतीत त्याला चरबीचा भक्कम आधार आहे.

ताकद, रक्त आणि हाडे

ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये ‘कुचिया’ नावाचा आणखी एक सर्पाकृती मासा ‘रक्त वाढवणारा’ म्हणून आजाऱ्याला देतात. अशा माशांविषयी आपल्याकडेही तशी समजूत ऐकू येते. तक्ता काय सांगतो?

ईलच्या १०० ग्रॅम मांसात लोह असते केवळ अर्धा मिलिग्रॅम. बाजरीत ते ६ ते ८ मिलिग्रॅम असते. स्त्रियांची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे. मांस-मासळीतल्या लोहाचा काही भाग शरीरात सहज शोषला जातो, आणि भाकरीबरोबर मासा खाल्ला तर भाकरीतले लोहही थोडे जास्त शोषले जाते. एवढा फायदा आहे. पण ‘सापासारखा मासा खाल्ला, रक्त वाढले’ हे गणित आकड्यांत बसत नाही. पंडुरोगी मुलीला लोहाच्या गोळीऐवजी वामचा रस्सा दिला, तर नुकसान तिचेच होईल.

कॅल्शियमची गोष्टही अशीच आहे. ईलच्या मांसात ते १०० ग्रॅमला अवघे २० मिलिग्रॅम असते. माशात कॅल्शियम असते ते हाडांत. मोठ्या माशाची हाडे आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो. काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी आणि आठवडी बाजारात मिळणारी सुकट यांतून मात्र कॅल्शियम भरपूर मिळते. सुकटीची मूठभर चटणी या एका बाबतीत महागड्या ईललाही मागे टाकते.

मग आपल्या वामचे काय? तो उत्तम अन्न आहेच. चांगल्या प्रतीची, सहज पचणारी प्रथिने आणि ‘बी-१२’ त्याच्यातून मिळतात. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते, ती माशाने भरून निघते. भाकरीबरोबर डाळ खाल्ल्यानेही हेच साधते. पण हे सारे गुण रोहू, मरळ आणि चिलापीतही आहेत. वामच्या आकारात वेगळी ताकद नाही.

चरबीची दुसरी बाजू

अहीर किंवा इतर ईल खाताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, त्याच्या कच्च्या रक्तात विषारी प्रथिन असते. मासा साफ करताना ते डोळ्यांत किंवा जखमेवर जाऊ देऊ नये. शिजवल्यावर उष्णतेने या प्रथिनाची रचना मोडते आणि धोका उरत नाही. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर घट्ट होतो, त्याच प्रकारची ही क्रिया. म्हणून हा मासा नीट शिजवूनच खातात.

दुसरी, चरबीत जीवनसत्त्वे विरघळतात तशी काही विषेही विरघळतात. एंडोसल्फानसारखी कीटकनाशके आणि कारखान्यांतून येणारी काही क्लोरीनयुक्त रसायने पाण्यात फारशी विरघळत नाहीत, पण चरबीत साठत जातात. ईल दीर्घायुषी, तळाशी राहणारा, दुसरे जीव खाणारा आणि चरबीदार. त्यामुळे प्रदूषित नदीतल्या ईलमध्ये ती सर्वांत आधी वाढतात. नेदरलँड्सने २०११ साली आपल्या मोठ्या नद्यांच्या काही भागांत याच कारणाने ईल पकडण्यावर बंदी घातली. पौष्टिकता आणि धोका दोन्ही एकाच चरबीतून येतात. म्हणून माशाची पौष्टिकता ठरवताना तो कोणत्या पाण्यात वाढला, हेही विचारावे लागते.

पालीपासून समुद्रापर्यंत

आता नकाशा उघडा. पालीचे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेत जाते. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. समुद्र हजार किलोमीटरपेक्षा जास्त दूर. अहीर इतक्या दूरवर चढू शकतो का? पुण्याच्या परिसरातल्या नद्यांच्या जुन्या मत्स्यसूचींत अहीरचे नाव आहे, आणि तिथले पाणीही भीमा-कृष्णेतून याच उपसागराला जाते. म्हणजे अंतर हा मोठा अडथळा नव्हता.

अडथळा आहे भिंतींचा. समुद्राकडून निघालेल्या पिल्लाला प्रथम लागते धवळेश्वरम. तिथे आर्थर कॉटन यांनी १८५२ साली पूर्ण केलेल्या बंधाऱ्याच्या जागी आज मोठे बॅरेज उभे आहे. पुढे मेडीगड्डा, येल्लमपल्ली, श्रीरामसागर, बाभळी, नांदेडजवळचे विष्णुपुरी. मग सिंदफणेवरचे माजलगाव आणि शेवटी पालीची भिंत. ही यादी पूर्ण नाही, मधे आणखीही बंधारे आहेत. ईलची पिल्ले ओल्या, खडबडीत भिंतीवरून सरपटत काही अंतर चढू शकतात, पण एवढी रांग ओलांडणे अशक्यप्राय आहे. एखादा मोठा मासा वर राहिलाच, तर उतरताना त्याला तेच अडथळे पार करावे लागतात. पालीच्या पाण्यात आज मिळणारा वाम हा काटेरी वामच असणार, हे नकाशाच सांगतो.

काटेरी वामला समुद्राची गरज नाही, म्हणून तो धरणात टिकतो. अहीरला दोन्ही टोके लागतात. नदी मधे अडली की त्याचे आयुष्य अर्धवट राहते. जगभर ईलची हीच अवस्था आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने युरोपीय ईलची नोंद अतिसंकटग्रस्त आणि जपानी ईलची संकटग्रस्त म्हणून केली आहे. आपला अहीर धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. युरोपीय संघाने २००७ साली नियम केला की, माणसाचा हस्तक्षेप नसता तर जेवढे प्रौढ ईल समुद्राला जाऊन मिळाले असते, त्यांच्या निदान चाळीस टक्के तरी समुद्रापर्यंत पोहोचले पाहिजेत. तिथे अनेक बंधाऱ्यांवर ईलसाठी खास चढण्या केल्या आहेत. ईल पाळतात ते तलावही बहुतेक समुद्रातून पकडलेल्या पिल्लांवरच चालतात. त्यामुळे शेती वाढवली की रानातला मासा वाचला, असे इथे होत नाही.

वर्गात काय करता येईल?

पहिले काम ओळखण्याचे. बाजारात वाम आला की पाठीवर बोट शेपटीकडून डोक्याकडे न फिरवता, डोक्याकडून शेपटीकडे हळूच फिरवावे. सुटे काटे लागले तर तो काटेरी वाम. काटे नसून एकच सलग पर असेल आणि खालचा जबडा पुढे असेल, तर तो अहीर. असा मासा दिसला तर तारीख, ठिकाण आणि लांबी नोंदवून ठेवावी. नदीच्या दृष्टीने ती मोलाची नोंद ठरेल.

दुसरे काम भाषेचे. आपल्या गावात कोणत्या माशाला काय म्हणतात, याची यादी विद्यार्थ्यांनी भोई समाजातल्या जाणत्या माणसांकडून आणि मासळी विकणाऱ्या बायकांकडून करून आणावी. एकाच नावाचे किती मासे निघतात आणि एकाच माशाला किती नावे आहेत, ते फळ्यावर मांडावे. शास्त्रीय नावे कशासाठी लागतात, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरे काम गणिताचे. वर दिलेल्या रोहूच्या प्रथिनांना ४ ने आणि चरबीला ९ ने गुणून ऊर्जा काढा. उत्तर सुमारे ७९ येईल. तक्ता ९७ सांगतो. उरलेल्या १८ किलोकॅलरी कुठल्या? त्या तक्त्यात रोहूमध्ये ४.४ ग्रॅम कर्बोदके दाखवली आहेत. ती प्रत्यक्ष मोजलेली नसतात. पाणी, प्रथिने, चरबी आणि खनिजे वजा करून जे उरते ते कर्बोदकांच्या रकान्यात लिहिण्याची जुनी रीत आहे. छापलेला आकडा कसा काढला, हे विचारायची सवय विद्यार्थ्यांना इथून लागू शकते.

चौथे काम नकाशाचे. पालीऐवजी आपल्या गावचा ओढा घ्यावा. त्याचे पाणी कोणत्या समुद्राला जाते आणि वाटेत किती भिंती आहेत, ते मोजावे. कोकणातल्या शाळेचे आणि बीडच्या शाळेचे उत्तर ताडून पाहिले, तर अहीर आज कुठे भेटण्याची शक्यता जास्त आहे, हे मुले स्वतःच सांगतील.